गिधाडांना आता आणखी काय हवंय?

"डायक्लोफेनॅकवर बंदी आली, गिधाड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, खोरीपाड्याला वनखात्याने त्यांच्या खाण्याची सोय केली. आता आणखी काय हवंय तुम्हाला?" नाशकात ओळखीचं कुणी भेटलं की हे विचारतंच. जनावरांच्या निवृत्त डॉक्टरला गिधाडं वाचवायचा हा नसता उद्योग कशाला, हेही त्यात आलंच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगतो. डायक्लोफेनॅक म्हणजे गुरांना टोचायचे ते ताप-दुखण्याचं औषध; ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाड मरतं.

त्र्यंबक तालुक्यातल्या एका पाड्यावरचा शेतकरी ऐन पेरणीत मेलेला बैल ट्रॅक्टरवर घालून आला. गिधाडांसाठी. आम्हीच तसं सांगून ठेवलं होतं. माझ्याबरोबर हे काम करणारी पोरं खूश, कारण मेलेलं ढोर हल्ली सहज मिळत नाही. मी विचारलं, आजारपणात सुई कुणी दिली?

"बाहेरच्या डॉक्टरानं. दोन दिल्या."

"कसल्या?"

"तापाच्या."

बाटली फेकलेली. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर ॲपवर टाकला, तर लाळ्या-खुरकुताची लस सापडली. खाजगी सुईची नोंद कोण करतो? त्या डॉक्टरला फोन लावला. "मेलॉक्सिकॅमच असेल," म्हणाला, म्हणजे गिधाडांना न बाधणारं औषध.

असेल!

मी म्हटलं, बैल पुरून टाका. शेतकरी भडकला. "मंग मला इथवर आनवला कशाला, सायेब?" पोरं त्याच्याच बाजूची. वर गिधाडं घिरट्या घालत होती. जेसीबीचे पैसे मी दिले, तो ट्रॅक्टर घेऊन न बोलता गेला. त्या पाड्यावरून नंतर फोन आला नाही.

आडमुठेपणा म्हणा. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही पाचेक वर्षांची झाल्यावर. शंभरात एकाहून कमी मढ्यांत डायक्लोफेनॅक असलं तरी आपल्याकडची गिधाडं संपायला तेवढं पुरेसं होतं, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. दुसरी बाजूही मला कळते. इथे उपाशी राहिलेलं गिधाड लांब कुठेतरी जाऊन बिनचौकशीचं ढोर खाणारच.

२००६ साली बंदी आली तेव्हा मीच सांगत फिरायचो की आता दहा वर्षांत थवे दिसतील. त्या माणसाला आजचा मी रडका वाटेन. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या २०१५पर्यंत मिळत होत्या, त्या गोठ्यात पोचायच्या. ॲसिक्लोफेनॅक या दुसऱ्या औषधाचं गाईच्या अंगात डायक्लोफेनॅकच होतं, त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. दरम्यान गिधाडांसाठी राष्ट्रीय कृती आराखडे दोन झाले, २००६चा आणि २०२०-२५चा.

आपला १९७२चा वन्यजीव कायदा शिकार करू नका म्हणतो. अमुक जातीचा आराखडा करा आणि इतके पक्षी झाल्याशिवाय तो पुरा समजू नका, असं बंधन त्यात नाही. अमेरिकेत १९८८पासून धोक्यातल्या जातींच्या प्रत्येक आराखड्यात मोजता येतील असे निकष शक्य तिथे घालावेच लागतात. त्यांचं सगळं छान चाललंय असं नव्हे, पण निदान विचारायला आकडा असतो.

मला एकाच कागदावर दोन आकडे हवेत: यंदा अंजनेरीच्या कड्यावरच्या घरट्यांतून गिधाडांची किती पिल्लं उडाली, आणि गिऱ्हाईक बनून गेल्यावर तालुक्यातल्या किती दुकानांनी बंदीचं औषध दिलं. वन, पशुसंवर्धन आणि औषध प्रशासन अशी तीन खाती आहेत, त्यामुळे हा कागद कुणाच्याच टेबलावरचा नाही.

तो बैल निर्धोक होता, असं पोरं अजून म्हणतात. असेलही. पुन्हा आला तरी मी पुरायलाच सांगेन, आणि त्या पाड्याने पुन्हा फोन करावा म्हणून काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.