निवेदनाची पोच

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा आमच्या सोसायटीत शिरला, तेव्हा मी सातवीत होते. बाबा आजीला पाठुंगळी घेऊन जिना चढले. पाचच दिवसांपूर्वी जगभरातली लाखो मुलं हवामान बदलावर सरकारांनी काही करावं म्हणून रस्त्यावर उतरली होती, याचा मला पत्ताही नव्हता. हवा 1 अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि पाऊस आला की धो धो कोसळतो, हे कॉलेजात समजलं. त्या रात्रीचा सगळा दोष हवेचा नाही, आवळलेल्या ओढ्याचाही आहे. म्हणून तर मागायचं सरकारकडेच.

आम्ही आठ जणींनी निवेदन लिहिलं: 'हवामान बदलाबाबत तातडीने पावले उचलावीत.' आवक-जावकच्या खिडकीतल्या काकूंनी दोन्ही पानं वाचली आणि म्हणाल्या, "बाळा, या नावाचं टेबलच नाही आमच्याकडे. मार्क कुणाला करू?"

रात्रभर तेच डोक्यात होतं. इतक्या मोठ्या संकटाचा कागद कुठल्या टेबलावर जायचा हेच ठरलेलं नाही!

मग एका निवेदनाची चार केली. ओढ्याचं पात्र मोकळं करण्याचं वेगळं, काठच्या झाडांचं वेगळं. महापालिकेला दरवर्षी 31 जुलैपर्यंत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडावा लागतो. त्यात ओढे-नाल्यांचा हिशेब यावा, हे तिसरं. चौथं शाळांच्या उन्हाळी वेळांचं. प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, हे मी आता प्रत्येकीला सांगते.

तीन ठिकाणांहून उत्तरं आली. ओढ्याच्या निवेदनावर मात्र काहीच नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करणार होतो, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पण त्याला 30 दिवस. त्याआधी एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं, की 2018 च्या शासन निर्णयानं जिल्हा पातळीवरच्या आणि पालिकांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फायली बघू देण्याची सोय केली होती.

आम्ही गेलो. फाईल निघाली. ओढ्याचं आमचं निवेदन त्यात होतं, समासात लाल शाईनं तीन शब्द: 'दप्तरी दाखल करावे.' म्हणजे काहीही न करता कागद फायलीत ठेवून द्या.

मैत्रीण रडली. मी त्या पानाची प्रत मागितली आणि तिथंच बाकावर बसून नवा अर्ज लिहिला: हा शेरा कोणत्या कारणानं मारला, ते लेखी कळवावं. त्याचीही पोच घेतली. पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत.