४२ दिवसांनंतरच्या बाळंतिणीसाठी सभागृहात काय मागावं

डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या आणि विधानभवनात हिरकणी कक्षाचा, म्हणजे बाळाला दूध पाजण्यासाठीच्या खोलीचा, विषय एकदम ऐरणीवर आला. पुढच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात मुंबईतल्या कक्षाची दुरवस्थाही त्यांनी उघडपणे मांडली. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये वडिलांच्या रजेसाठी लोकसभेत अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. १९७० नंतर संसदेत एकाही अशासकीय विधेयकाचा कायदा झालेला नाही, हे लक्षात घेतलं तर ज्या लोकप्रतिनिधीला बाळंतिणीच्या मानसिक आरोग्यासाठी खरंच काही घडवायचं आहे, त्याने सुरुवात प्रश्नोत्तराच्या तासापासून करावी असं मला ठामपणे वाटतं.

मूळ अडचण ४२ दिवसांच्या मर्यादेत आहे. मातामृत्यूची व्याख्या गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांपर्यंत धरली जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. घरातही सव्वा महिना झाला की शेक, मालिश, हाताखालचं माणूस सगळं थांबतं आणि बाई कामाला लागते. म्हणजे घरची आणि सरकारची मदत एकाच सुमाराला आटते. नैराश्य मात्र पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनचं रडू येणं, चिडचिड, धास्ती हे बहुतेकींचं दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यापुढे टिकलं तर तो आजार समजून तपासणी हवी. बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार वेगळा. तो हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. झोप उडणं, भलतेच संशय, असंबद्ध बोलणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. याला ‘बाहेरचं’ समजून दिवस घालवले की आई आणि बाळ दोघांचा जीव धोक्यात येतो.

तपासणीसाठी नवीन यंत्रणा लागत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठीच्या एडिनबरो प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत, गेल्या सात दिवसांबद्दलचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारण १३ किंवा अधिक गुण आले की डॉक्टरकडे पाठवतात, काही ठिकाणी १० पासूनच. गुणांवरून निदान होत नाही, पुढची तपासणी कुणाची करायची एवढंच ठरतं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी पुढची सोय करायची.

हे बिघडतं कुठे, तर सासू शेजारी बसलेली असताना आशाताई प्रश्न मोठ्याने वाचतात तिथे. उत्तर ठरलेलं: ‘सगळं बरं आहे.’ त्यावर साधा उपाय म्हणजे बाळाचं वजन करायला आजीला एकीकडे बसवायचं आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या सेविकेने आईशी एकटीशी बोलायचं. सहाव्या आठवड्याच्या लसीकरणाला आई बाळाला घेऊन येतेच, तेव्हा हे जमतं. चौदाव्या आठवड्याच्या लसीला पुन्हा विचारावं. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात आशाताईंची बाळासाठीची भेट असतेच, तीही वापरावी. दुसरी गळती माहेर-सासरची. पहिलं बाळंतपण माहेरी, नोंद तिथल्या उपकेंद्रात, आणि बाई सासरी गेली की पाठपुरावा तुटतो. माता-बाल संरक्षण कार्डावरच तपासणीची तारीख आणि गुणांसाठी जागा हवी, म्हणजे नोंद तिच्यासोबत जाईल. घरच्यांनी वाचू नये म्हणून गुण सांकेतिक खुणेत लिहावेत.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते: तपासणी सुरू होते, उपचार मात्र नसतात. पाकिस्तानातल्या रावळपिंडी भागात गावपातळीच्या आरोग्यसेविकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत १६ भेटी. बाळ सहा महिन्यांचं असताना या गटातल्या २३ टक्के आयांना नैराश्य होतं, असं प्रशिक्षण न मिळालेल्या सेविकांच्या गटात ५३ टक्के. आशाताईंकडून हे होऊ शकतं, पण मोबदल्याशिवाय नाही. सगळ्या घरभेटी पूर्ण केल्याचे २५० रुपये देऊन वर आणखी एक फॉर्म दिला की त्यात शून्यं भरली जातात, आणि दोष त्यांना देता येत नाही. गोळ्या लागल्याच तर स्तनपान चालू असतानाही सर्ट्रालीनसारखं नैराश्यावरचं औषध डॉक्टर देऊ शकतात. आधी कधी उन्मादाचा (अवाजवी उत्साह, झोपेची गरज न वाटणं) झटका आला होता का, हे मात्र विचारायलाच हवं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहावं.

आता सभागृहातलं. ‘शासन बाळंतिणींच्या मानसिक आरोग्यासाठी काय करत आहे?’ असा तारांकित प्रश्न (ज्याचं सभागृहात तोंडी उत्तर मिळतं) टाकू नये. उत्तरात योजनांची नावं येतील. प्रश्न असे हवेत: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकार परिचारिका यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, जिल्हानिहाय? गेल्या वर्षी त्या पथकांकडे प्रसूती विभागातून किती स्त्रिया पाठवल्या गेल्या? गर्भवती आणि पहिल्या वर्षातल्या मातांच्या आत्महत्यांची वेगळी नोंद ठेवली जाते का? पदांच्या आकड्यांना टाळाटाळ करणं कठीण असतं, आणि ‘माहिती घेतली जात आहे’ असं उत्तर आलं तर उपप्रश्नात मुदत मागता येते. हे आकडे हाती आले की लक्षवेधी सूचनेला (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधण्याच्या सूचनेला) वजन येतं. केरळमध्ये ‘अम्मा मनस्सु’ उपक्रमातून गर्भवती आणि बाळंतिणींची अशी तपासणी होते, तो दाखला तेव्हा द्यावा. आमदार निधीतून खोली बांधता येते, समुपदेशकाचा पगार निघत नाही. पदांची मागणी त्यामुळे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या राज्य आराखड्यात आणि अर्थसंकल्पातच करावी लागते.

नोकरदार मातांसाठी एक तरतूद जवळजवळ वापरलीच जात नाही. गर्भारपण किंवा बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेखेरीज एक महिन्यापर्यंत पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती. ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. आजार शारीरिकच असावा असं तिथे म्हटलेलं नाही. नैराश्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र यासाठी ग्राह्य धरावं, असं स्पष्टीकरण सरकारकडून मागता येईल.

आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांविषयीही विचारावं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार दाखल स्त्रीपासून तिचं तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळं करता येत नाही. करावंच लागलं तर दर १५ दिवसांनी फेरविचार आणि सलग ३० दिवसांपुढे मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. आई-बाळासाठी एकत्र खाटा प्रत्येक ठिकाणी किती आहेत, आणि या फेरविचारांच्या नोंदी ठेवल्या जातात का, याचं उत्तर रुग्णालयनिहाय, लेखी मागावं.