दोनशे चाळीस फूट

गुरुवार, ९ मे २०२४

आज एका हार्डवेअरवाल्याची खरेदीची बिलं चढवताना सीजीएसटीच्या रकान्यात मी २४० टाकले. बिल दहा हजारांचं, अठरा टक्क्यांचा माल, सीजीएसटी म्हणजे त्यातला केंद्राचा निम्मा वाटा, तेव्हा नऊशे पाहिजेत. २४० आले कुठून, हे शोधायला पाच मिनिटं गेली. बिलावर कुठंच नाही, मागच्या पानावर नाही. मग मागच्या टेबलावरून पुन्हा तोच आकडा आला. मामा फोनवर होते, शेजारच्या शेतातल्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं ते सांगत. "अहो, दोनशे चाळीसला लागलंय म्हणं त्याला! भावकीतलाच हाय की! बांधाला बांध!"

म्हणजे मी बिल बघून टाइप करत नव्हते, मामांचं ऐकून करत होते.

आमचं सीएचं ऑफिस लातूरच्या गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. तीन खोल्यांच्या मधल्या भिंती पाडून केलेला एक हॉल, नऊ माणसं, एक प्रिंटर, एक लोखंडी कूलर. सरांची केबिन काचेची, आत एसी. दार लावलं की त्यांना आमचे फक्त ओठ हलताना दिसतात, त्यामुळं त्यांच्या मते ऑफिसात शांतता असते. बाहेर आर्टिकलशिपची चार पोरं. त्यांतलं एक जेवताना रील बघतं, तेही आवाज मोठा करून, आणि एकच रील चार-चार वेळा. परवा लोकसभेचं मतदान झाल्यापासून चौघंही राजकीय पंडित झालेत.

पण खरा आवाज मामांचा. वय पन्नाशीच्या पुढं, व्यापाऱ्यांकडून कागद गोळा करून आणायचं काम, गाव औश्याकडं. फोन वाजला की ते उभे राहतात. डाव्या कानाला फोन, उजव्या कानावर पंजा, मान खिडकीकडं, आणि मग "हां, बोला!" हे "बोला" एवढं मोठं की समोरचा बोलत असला तरी गप्प बसेल. मळ्यातून पलीकडच्या शिवारात हाक मारायचा आवाज आहे तो. माझ्या वडलांचाही तसाच होता. त्यांना कधी कोणी हळू बोला म्हटलं नाही, कारण त्यांचं ऑफिस चार एकरांचं होतं.

फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं. अशी ॲपं काही काटेकोर नसतात, पण गंमत म्हणून. नुसता कूलर ६१. मामा ७८. डेसिबल दहानं वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे मामा म्हणजे पन्नास कूलर. २०००च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वाणिज्य क्षेत्राला दिवसा ६५ची मर्यादा आहे. ती रस्त्यावरच्या भोंग्यांना, आमच्या हॉलला नाही, हे मला कळतं. तरी आकडा बघून बरं वाटलं. आपली चिडचिड नियमात बसते म्हटल्यावर तिला जरा इज्जत येते.

शनिवार, ११ मे

जीएसटीआर-वनचा, म्हणजे विक्रीच्या रिटर्नचा, शेवटचा दिवस. पोर्टल फिरत बसलंय, व्यापारी आजच बिलं पाठवायलेत, प्रिंटरात कागद अडकलाय, आणि पोरांचं "चार जूनला कळंल की!" चालू. चार जूनला निकाल आहे, तोवर हे रोज ऐकायचं.

मामांनी काल स्वतःच्या बोअरची जागा बघायला अर्धी रजा घेतली होती. आखितीचा मुहूर्त. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळं शेत फिरवलं म्हणे, विहिरीच्या वरच्या अंगाला नारळ उभा राहिला, तिथं चुन्यानं फुली मारली, नारळ फोडला. हे मला कोणी सांगितलेलं नाही. सकाळपासून तीन फोनवर तीनदा ऐकलंय. पाणाड्यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या फोनला मात्र मी हातातलं काम थांबवून नारळ नेमका कुठं उभा राहिला ते ऐकत होते.

दुपारी एक प्रयोग केला. जेवणानंतर उठून कूलर बंद केला. अर्ध्या मिनिटात हॉलचा आवाज खाली आला. पोरंही हळू, मामाही हळू. कोणी काही सांगितलं नव्हतं. फ्रान्समधल्या लोम्बार नावाच्या डॉक्टरनं १९११ सालीच हे दाखवून दिलंय. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, गोंगाट काढून घेतला की उतरवतो. म्हणजे कूलरच्या वर मामा, मामांच्या वर पोरं, पोरांच्या वर पुन्हा मामा. उन्हाळा वाढतो तसं ऑफिस ओरडायला लागतं, आणि दिवाळीनंतर मामा त्रासदायक का वाटत नाहीत याचंही उत्तर मिळालं.

प्रयोग दोन मिनिटं टिकला. "ताई, कूलर कामून बंद केलाव? मरायलाव की गरमीनं!"

चालू केला.

मंगळवार, १४ मे

आज टू-बी आलं, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीचा पोर्टलवरचा तक्ता. त्याच्याशी खरेदी जुळवायचं काम, सगळ्यात डोकं लागतं ते हेच. कानात इअरफोन घालून बघितले. गाणी लावली तर गाण्याचे शब्द ऐकत बसते, नाही लावली तर मामा. कापूसही घालून झाला, पण कापसानं कूलर कमी झाला आणि मामा जास्तच स्वच्छ ऐकू यायला लागले.

रात्री शोधत बसले की कूलरचा त्रास का होत नाही आणि फोनचा का होतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये हेच तपासलं होतं. लोकांना कॉम्प्युटरवर बारीक लक्ष लागेल असं काम दिलं आणि सोबत बोलणं ऐकवलं. दोघांचं पूर्ण संभाषण ऐकताना फार बिघडलं नाही. फोनवरच्या एकाचीच बाजू ऐकवली तेव्हा चुका वाढल्या. तीच बाजू शब्द कळणार नाहीत अशी गुळगुळीत करून ऐकवली, तर चुका परत खाली. अर्धं बोलणं कानावर पडलं की उरलेलं अर्धं डोकं स्वतः भरायला जातं.

हे मला पटलं, कारण गेल्याच आठवड्यात असं झालंय. बोअरच्या गाडीवाल्याला मामांनी फोन लावला होता. मे महिन्यात इकडं फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडकडच्या, माणसंही तिकडचीच. मामा म्हणाले, "अण्णा, गाडी कब आयेगी?" अण्णानं फोन तसाच धरून ठेवून आपल्या माणसांशी तमिळमध्ये बोलायला सुरुवात केली. मामांनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. पाच मिनिटं नुसतं तमिळ, तेही मोठ्यानं. तेवढ्या वेळात माझी दोन पानं झाली, एकही चूक नाही.

मराठी मात्र कळते. त्यातून बोअरची मराठी जरा जास्तच कळते. आमच्या घरी तीन बोअर कोरडे गेलेत. तिसऱ्याच्या वेळी मी दहावीला होते. रात्रभर गाडी चालू होती आणि आम्ही सगळे भुकटीकडं बघत बसलो होतो. कोरडी भुकटी धुरासारखी उडत राहते. पाणी लागलं की ती आधी ओली पडते, मग चिखलाचे शिंतोडे उडतात. वडील मधूनमधून मूठ भरून दाबून बघायचे. तीनशेच्या पुढं गेलं की फुटाचा दर चढतो, आणि तिथंच माणूस थांबत नाही. एवढा पैसा घातलाय तर अजून पन्नास फूट. कायद्यानं साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली गेली की ती ‘खोल विहीर’. आमच्याकडं दोनशेला अजून कोणी चहासुद्धा ठेवत नाही.

हे सगळं असूनही आज मी सरांकडं तक्रार केली. नाव घेतलं नाही. म्हटलं, फोनचा फार त्रास होतो, चुका व्हायल्यात. सर म्हणाले, एक कागद लावून टाका. मराठी टायपिंग ऑफिसात मलाच येतं. ‘मोबाइलवर बोलताना कृपया बाहेर जिन्यात जावे.’ ठळक अक्षरांत, कूलरच्या वरच्या भिंतीला.

मामांनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा. मग म्हणाले, "बरं केलाव सर. ही पोरं लई आरडायलीत."

गुरुवार, १६ मे

मामा आले नाहीत. गाडी काल रात्री येणार होती, एवढं मंगळवारच्या शेवटच्या फोनवर कळलं होतं.

ऑफिस शांत. सकाळी अकरापर्यंत मी खूश होते. बारा वाजता लक्षात आलं की तेच पान उघडून बसलेय. रात्री आली असेल तर सकाळपर्यंत काय ते झालं असेल. दोनशे चाळीस. बांधाला बांध असलं म्हणून काय होतं? आपल्याकडं खाली सगळा बेसॉल्ट. पाणी खडकाच्या भेगांतून फिरतं, बांधावरून नाही. शेजाऱ्याच्या बोअरला लागलेली भेग तुमच्या शेतापर्यंत येते की अलीकडंच मिटते, हे वरून कोणाला दिसतं?

पोरांना विचारलं, "मामांचा फोन आलता का?" एकानं रीलवरून मान वर न करता "न्हाई" म्हटलं.

शनिवार, १८ मे

अजून नाहीत. फोन करावा की नाही? लागलं असेल तर मामांनीच आधी केला असता. त्यांनी पेढे आणल्याचा आवाज खालच्या पानटपरीपर्यंत गेला असता. आणि नसेल लागलं, तर मी काय विचारणार? शिवाय मला बोअर घेतायत हे माहीत असायचं कारणच नाही. मला त्यांनी सांगितलेलंच नाही. मी ऐकलंय, आणि ऐकू येतं म्हणून वर कागदही लावलाय.

२०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी याच टेबलावर होते. आठवडाभर सगळे ओरडून बोलत होते. कोणाच्या गल्लीत टँकर आला, कोणाच्या नाही, किती घागरी, कुठं भांडण. तेव्हाही अकरा-वीस तारखांसारख्याच तारखा होत्या, चुकाही होत असतील. हळू बोला असं कोणी कोणाला म्हटल्याचं आठवत नाही. मी तर सगळ्यात मोठ्यानं बोलत असेन, आमच्या गल्लीत टँकर यायचाच नाही.

कागद काढावा असं दोनदा मनात आलं. सरांनी लावायला सांगितलेला, त्यांना न विचारता कसा काढणार? तिसऱ्यांदा उठले तेव्हा पोरगं म्हणालं, "मॅडम, कूलर बंद करू नका बगा आज." बसले.

सोमवार, २० मे

थ्री-बीचा, म्हणजे महिन्याचा कर भरायच्या रिटर्नचा, शेवटचा दिवस. आज राहिलं की उद्यापासून रोजचे पन्नास लेट फी, वर व्याज अठरा टक्क्यांनी. सकाळी नऊलाच आले.

दहाला मामा आले. पिशवी टेबलाखाली ठेवली, पाणी प्यायले, व्यापाऱ्यांच्या फायली काढल्या. पोरांनी "मामा, आलाव का?" म्हटलं तर नुसती मान हलवली. थोड्या वेळानं माझ्या टेबलाशी येऊन काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मामांचं बोलणं ऐकू न येण्याची ही चौदा वर्षांतली पहिली वेळ. "काय मामा?" म्हटलं, तर त्यांनी हातातली फाईल दाखवली आणि ठेवून गेले.

अकराला त्यांचा फोन वाजला. उभे राहिले, सवयीनं. मग एकदा भिंतीकडं बघितलं, की मला वाटलं तसं, आणि फोन मुठीत घेऊन बाहेर जिन्यात गेले. दार ओढून घेतलं. नंतर आलेल्या प्रत्येक फोनला तसंच. कागदामुळं की कशामुळं, मला ठरवता येईना. बाटली भरायच्या निमित्तानं एकदा दारापर्यंत जाऊन आले. कूलरशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

हार्डवेअरवाल्याचं शेवटी उघडलं. रकान्यात २४० तसेच होते. त्या दिवशी कुठून आले ते शोधलं आणि दुरुस्त करायचंच राहिलं होतं. तिथं नऊशे केले.

साडेतीनला मामा पुन्हा जिन्यात होते आणि लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. पंखे थांबले. पोरंही गप्प झाली, लाइट गेल्यावर क्षणभर सगळेच होतात तशी. दाराच्या फटीतून मामांचा आवाज आला, अगदी साधा, घरात बोलल्यासारखा.

"पाचशे ऐंशी."

मग बराच वेळ पलीकडचा माणूस बोलत असावा. इकडून फक्त "हां" आणि पुन्हा "हां".

माझा यूपीएस पीप-पीप करायला लागला. मी आधी सेव्ह केलं.