तुम्ही विचारलंत म्हणून: डावे कोण, उजवे कोण?

राज्यशास्त्र शिकवतो म्हटलं की समोरचा माणूस हमखास दोनपैकी एक प्रश्न विचारतो. पहिला, येत्या निवडणुकीत कोण येणार? ते मला सांगता येत नाही. दुसरा, डावे म्हणजे नेमके कोण आणि उजवे कोण? या दुसऱ्याच्या पोटात आणखी दोन-तीन असतात. लिबरल म्हणजे डावेच ना? हिटलर कुठे बसतो? आणि शेवटी, जरा आवाज उतरवून, तुम्ही स्वतः कुठले?

हे शब्द बसण्याच्या जागेवरून आले, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती माणसं वेगवेगळी का बसली, हे सहसा कुणी सांगत नाही. १७८९ च्या उन्हाळ्याअखेरीस फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत वाद चालला होता राजाच्या नकाराधिकाराचा. सभेने केलेला कायदा राजाला कायमचा अडवता यावा की नाही? राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधक डाव्या हाताला. (तोडगा असा निघाला की राजाने कायदा काही काळ लांबवावा, कायमचा रद्द करू नये.) म्हणजे डावं-उजवं ही मुळात एका ठरावीक भांडणातली बाजू होती. कुणी त्याला विचारसरणी म्हणत नव्हतं. राजा विरुद्ध सभा या भांडणात डावीकडे बसलेल्यांत वकील होते, व्यापारी होते, आणि याच सभेने १७९१ मध्ये ल शापलिए कायदा करून कामगारांच्या संघटनांवर आणि संपावर बंदी घातली. आजच्या डाव्याला हे सांगून बघा! पुढे १८४८ च्या क्रांतीनंतरच्या सभागृहातही मुक्त व्यापाराचा कडवा पुरस्कर्ता फ्रेडरिक बास्तिया डाव्या बाकांवर बसायचा. तेव्हा मक्तेदाऱ्या आणि संरक्षक जकाती हे जमीनदारांचे आणि दरबारी मर्जीतल्यांचे लाड होते. त्यांच्यावर घाव घालणारा बाजारवाला साहजिकच डावा ठरे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न उलट विचारतो: कोणत्या भांडणात?

तरी दोनशे-सव्वादोनशे वर्षांत भांडणं बदलत गेली आणि एक धागा बऱ्यापैकी टिकला, तो समतेचा. इटलीचा विचारवंत नॉर्बेर्तो बोब्बिओ याने १९९४ मध्ये हे मांडलं आणि मला अजून त्याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. माणसामाणसांतली विषमता बरीचशी माणसांनीच घडवलेली आहे, म्हणून ती कमी करता येते आणि करावी, असं मानणारा डावीकडे सरकतो. ती बरीचशी स्वाभाविक आहे, किंवा ती मोडायला गेलं तर भलतंच काही मोडेल, असं मानणारा उजवीकडे. या कसोटीने जागा लावायला गेलं तर साम्यवादी अगदी डावीकडे जातात, कारण कारखाने आणि जमीन खासगी मालकीची असणंच त्यांना मान्य नाही. सोशल डेमोक्रॅट बाजार ठेवतात, पण कर आणि कल्याणकारी योजनांनी त्याला आवर घालतात. उदारमतवादी कायद्यापुढची समता मागतात, फळांची समता मागत नाहीत. म्हणून ते मधे कुठेतरी असतात आणि देशागणिक कलतात. परंपरावाद्याला पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या संस्थांवर भरवसा असतो, सुधारणा हवी पण बेताने. टोकाच्या उजवीकडे विषमता हेच तत्त्व होतं: वंशाने, रक्ताने अमुक वरचे आणि तमुक खालचे.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तिथे येतो. डावे म्हणजे मोठं सरकार आणि उजवे म्हणजे छोटं सरकार, असं कित्येकांनी पक्कं धरलेलं असतं. ते धरलं की काहीच जागेवर बसत नाही. जगातला पहिला सक्तीचा राष्ट्रीय आरोग्यविमा कुणी आणला? १८८३ मध्ये जर्मनीचा चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्क याने. पाठोपाठ १८८४ मध्ये अपघातविमा आणि १८८९ मध्ये वृद्धांना पेन्शन. हा माणूस हाडाचा राजनिष्ठ, आणि त्याच काळात समाजवाद्यांच्या सभा-वृत्तपत्रांवर बंदी घालणारे कायदे त्यानेच चालवले होते. कामगार समाजवाद्यांच्या हाती लागू नये म्हणून त्याने सरकार कामगाराच्या घरापर्यंत नेलं. उलट टोकाला अराजकवादी बघा. त्यांना सरकारच नको, आणि तरी ते इतके डावे की स्पेनच्या यादवीत, मे १९३७ मध्ये, बार्सिलोनाच्या रस्त्यांवर ते साम्यवाद्यांशीच बंदुकीने लढले. न्यूझीलंडमध्ये १९८४ नंतर अनुदानं तोडून बाजार मोकळा केला तो मजूर पक्षाच्या सरकारने. अमेरिकेत १९७१ मध्ये वेतन आणि किमती गोठवल्या त्या उजव्या रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष निक्सनने. सरकार हे हत्यार आहे. ते कुणासाठी आणि कशासाठी उगारलं, त्यावरून बाजू कळते.

हिटलरचा प्रश्नही याच गोंधळातून येतो. पक्षाच्या नावात ‘समाजवादी’ आहे ना, असं म्हणतात. नाव सोडा, भांडण बघा. मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा आला तेव्हा विरोधात ९४ मतं पडली, ती सगळी सोशल डेमोक्रॅटांची. साम्यवादी सभासदांना सभागृहात पायच ठेवू दिला नव्हता. २ मे ला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या. त्या राजवटीत सरकारची पकड जबरदस्त होती हे खरं, पण ती पकड वंशाची उतरंड उभी करण्यासाठी होती. म्हणून तो टोकाचा उजवा. एवढं बोलून मी पुढे जातो, कारण यावर वाद घालणाऱ्याला सहसा उत्तर नको असतं, प्रतिस्पर्ध्याला चिकटवायला लेबल हवं असतं.

पक्षांच्या नावांवर तर मुळीच जाऊ नये. ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष आणि जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष दोन्ही उजवीकडचे, पोर्तुगालचा सोशल डेमोक्रॅटिक पक्षही मध्यापासून उजवीकडे. अमेरिकेत मात्र लिबरल म्हटलं की डावा. चारही ठिकाणी लोक आपापल्या जागी बरोबर आहेत.

एका रेषेवर सगळं मावत नाही, हे कळल्यावर लोकांनी दुसरी रेषा काढली. अमेरिकन डेव्हिड नोलन याने १९६९ मध्ये असा तक्ता बनवला: एका बाजूला आर्थिक स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला व्यक्तिगत. लग्न, धर्म, बोलणं यांत सरकार नको पण कर हवेत, असं म्हणणारा आणि कर नकोत पण नीतिनियम कडक हवेत, असं म्हणणारा, दोघांना वेगळ्या चौकटी मिळाल्या. उपयोगाचा तक्ता आहे, मीही फळ्यावर काढतो. फक्त नोलन हा लिबर्टेरियन पक्षाच्या (म्हणजे सरकारने कशातच फारसं पडू नये म्हणणाऱ्यांच्या) संस्थापकांपैकी होता आणि दोन्ही स्वातंत्र्यं जिथे जास्तीत जास्त तो कोपरा त्याच्याच मंडळींचा, हे सांगून मग काढतो. डावं आणि उजवं ही दोन टोकं घोड्याच्या नालेसारखी वळून एकमेकांजवळ येतात, असंही एक मत आहे. मला ते फारसं पटत नाही. टोकाच्या राजवटींच्या तुरुंगांत साम्य असेल. कैदी कोण आणि का, यात नसतं.

आणि मध्य? मध्य सरकत असतो. बायकांना मत द्यावं ही एके काळी टोकाची मागणी होती. न्यूझीलंडने १८९३ मध्ये ती मान्य केली, स्वित्झर्लंडच्या पुरुषांनी देशपातळीवर १९७१ पर्यंत अडवून धरली, आज ती मोडा म्हणणाराच टोकाचा ठरेल. त्यामुळे ‘मी मध्यममार्गी’ एवढ्यावरून माणसाबद्दल फार थोडं कळतं.

राहिला शेवटचा प्रश्न. वारशाने मिळणाऱ्या मोठ्या संपत्तीवर जबर कर असावा असं मला वाटतं, तिथे मला डावा म्हणा. व्यापारात मी बास्तियाच्या बाजूचा, म्हणजे तेव्हाचा डावा आणि आजचा उजवा. जुन्या संस्था मोडायच्या गोष्टीत मी परंपरावाद्यांइतकाच धीमा आहे, न्यायालयं आणि विद्यापीठं यांच्या बाबतीत तर जास्तच. यावर ‘म्हणजे एकूण कुठले?’ असं विचारलंत, तर कोणत्या प्रश्नावर मत टाकायचंय ते आधी सांगा.