उमेदवार ठरवायचा तो कोणी?

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुतेक नोव्हेंबरमधल्या मतदानाभोवती फिरते. मला त्याआधीचा, जानेवारीपासून जूनपर्यंत राज्याराज्यांत चालणारा प्राथमिक निवडणुकांचा टप्पा अधिक विचार करण्यासारखा वाटतो, कारण पक्षाचा उमेदवार कोण हे त्या टप्प्यात सामान्य मतदार ठरवतो आणि आपल्याकडच्या मतदाराला हा अधिकार कधीच मिळालेला नाही.

तिथेही तो सहजासहजी मिळाला नाही. 1912 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या, अगदी प्रतिस्पर्धी आणि तेव्हाचे अध्यक्ष टाफ्ट यांच्या ओहायो या गृहराज्यातही. तरी पक्षयंत्रणा ज्यांच्या ताब्यात होती त्या टाफ्ट यांनाच पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात, म्हणजे राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी जिथे उमेदवार निवडतात तिथे, उमेदवारी मिळाली. पुढची कित्येक दशके मतदारांचा कौल हा नेत्यांसाठी केवळ एक अंदाज राहिला. 1968 साली व्हिएतनाम युद्धाने देश ढवळून निघालेला असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी माघार घेतली, उमेदवारीच्या शर्यतीतले रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, आणि शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना उभे केले, ज्यांनी एकाही प्राथमिक निवडणुकीत भाग घेतला नव्हता. सभागृहाबाहेर पोलीस निदर्शकांवर लाठ्या चालवत होते. त्या संतापातून मॅक्गव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला आणि 1972 पासून अधिवेशनातले प्रतिनिधी निवडण्याची प्रक्रिया मतदारांसाठी खुली झाली. त्याच वर्षी या आयोगाचे पहिले अध्यक्ष मॅक्गव्हर्न स्वतः उमेदवार झाले आणि 50 पैकी 49 राज्यांत हरले. पक्षाच्या निष्ठावंतांना भावणारा उमेदवार सगळ्या देशाला भावेलच असे नाही, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो खरा आहे. पण तेवढ्यासाठी निर्णय पुन्हा बंद खोलीत न्यावा असे मला वाटत नाही.

कौल मोजायचा कसा, हेही पक्षाचे नियमच ठरवतात. डेमोक्रॅटिक पक्षात किमान 15 टक्के मते मिळवणाऱ्यांमध्ये प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्यांत पहिल्या येणाऱ्यालाच मोठा वाटा मिळतो: 2016 साली साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना सुमारे साडेबत्तीस टक्के मते पडली आणि तिथले सर्व 50 प्रतिनिधी त्यांच्याकडे गेले. क्रमाचे महत्त्वही तितकेच आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेला माझा भाचा 2024 मध्ये फोनवर म्हणाला होता, ‘‘मावशी, आमची पाळी येईपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं.’’ त्याचे मतदान जूनमध्ये होते आणि बायडन व ट्रम्प या दोघांनीही आवश्यक प्रतिनिधीसंख्या 12 मार्चलाच गाठली होती. पुढे जुलैमध्ये बायडन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांची निवड कोणत्याही नव्या प्राथमिक निवडणुकीविना, प्रतिनिधींच्या मतदानाने झाली. म्हणजे मतदारांना दिलेला हा अधिकार आजही पूर्णपणे अबाधित नाही.

तरीही इथे ऐरोलीत बसून मला त्या व्यवस्थेचा हेवा वाटतो. महापालिकेची निवडणूक आली की इच्छुक मुलाखती देतात, फलक लावतात, नेत्यांच्या घरी खेपा घालतात आणि अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाच्या हाती पडणार हे प्रभागातल्या माणसाला कळत नाही. वर्षानुवर्षे पाण्याच्या आणि गटाराच्या तक्रारी घेऊन विभाग कार्यालयात जाणाऱ्या कार्यकर्त्याला डावलून आदल्या दिवशी पक्षात आलेल्याला तिकीट मिळते, मग बंडखोरी होते, आणि या सगळ्यात पक्षाच्या सामान्य सदस्याला कोणी काही विचारलेले नसते. काँग्रेसने 2014 च्या लोकसभेला काही निवडक मतदारसंघांत प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग केला होता, पण तो रुजला नाही.

आपल्याकडे हे शक्य नाही, पैसे देऊन सदस्य गोळा केले जातील, असे माझ्या ओळखीचे राजकारणातले लोक म्हणतात. ही भीती निराधार नाही. परंतु अमेरिकेत प्राथमिक निवडणुका बहुतांशी राज्य सरकारची यंत्रणा घेते आणि अनेक राज्यांत मतदारनोंदणीतच पक्षाची नोंद असते, हे त्यांनी लक्षात घ्यावे. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. साखर कारखाने, पतसंस्था, सहकारी बँका यांच्या सभासदांच्या याद्या आपल्याकडे प्रसिद्ध होतात, त्यांवर हरकती घेतल्या जातात आणि त्यांच्या निवडणुकांसाठी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आहे. तिथे गैरप्रकार होत नाहीत असे मी म्हणणार नाही. पण यादी निदान कोणालाही पाहता येते आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येते. पक्षांच्या सदस्ययाद्यांना हाच नियम लावावा आणि सुरुवात एखाद्या महापालिकेच्या प्रभागापासून करावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. एका मिस्ड कॉलवर सदस्य झालेल्यांचे आकडे जाहीर करणाऱ्या पक्षांनी त्या सदस्यांना तिकिटाच्या वेळी मत देऊ द्यायला काय हरकत आहे, हे आपल्या प्रभागात मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला हवे.