मागचा मडगार्ड कापताय? आधी लाइटचं बघा

रॉयल एनफील्डच्या क्लासिक 350 ला मागून बघितलं की तो लांबलचक मडगार्ड मला कायम खटकायचा. माझं जुनं यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र) इंजिनवालं मॉडेल, बाकी गाडी एक नंबर, पण मागे नुसता पत्राच पत्रा. शेवटी घेतला कापायला. इन्स्टावर ते बॉबर दिसतात ना, मडगार्ड जवळपास नाहीच आणि सीटखाली बारीक लाल पट्टी, तसलं मात्र करायचंच नव्हतं. ती फॅशन अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जोरात आली, गाडी हलकी करायला पोरं पत्रे कापायची, त्यांना काय माहीत जुलैतला ताम्हिणीचा चिखल! शिवाय आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 123 आहे, मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं पाहिजे म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जात नाहीत. आई साडीत एका बाजूला बसते, त्यामुळे साडीगार्डला हातसुद्धा लावला नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पण वाचून ठेवा, आरसीवर जे आहे त्यात मनाने फेरफार चालत नाहीत, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय, त्यामुळे मामांनी अडवलं तर "सगळेच करतात" हे उत्तर चालणार नाही.

कापणं तसं सोपंय. मास्किंग टेप लावून रेघ मारायची, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, टाकी आणि सीटवर ओलं गोणपाट टाकायचं कारण ग्राइंडरच्या ठिणग्या पेंटमध्ये रुतून बसतात. खरी गंमत कापल्यावर. कंपनीच्या मडगार्डची कड आत वळवलेली असते, त्या वळणामुळेच पत्र्याला ताकद असते, ती कड गेली की पत्रा थरथरायला लागतो आणि काही महिन्यांनी बोल्टच्या भोकापासून चीर पडते. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून आतल्या बाजूने बारीक सळई वेल्ड करून घेतली, मग कानस, रेड ऑक्साइडचा (गंजरोधक) प्रायमर, मग काळा रंग. नुसतं रबर बीडिंग लावलं तर हात कापत नाही एवढंच, आत पाणी साचून गंज धरतो. आणि नवीन लाइटचे बोल्ट लावताना डोकं आतून आणि नट वरून, नाहीतर डबल सीट स्पीडब्रेकरवर टायर वर आला की बोल्टचं टोक सरळ टायरला लागतं.

आता लाइट. बाजारात छोट्या एलईडी टेललाइट ढिगाने मिळतात, पुण्यात नाना पेठेत फेरी मारली तरी डोकं गरगरतं, पण बहुतेक स्वस्त लाइटमध्ये एक लोचा असतो. जुन्या बल्बला टेलची फिलामेंट 5 वॉटची आणि ब्रेकची 21 ची, म्हणजे ब्रेक दाबला की मागच्याला लगेच कळतं. या स्वस्त एलईडी रात्री आधीच एवढ्या भगभगीत असतात की ब्रेक दाबला काय न दाबला काय, सारखंच! दुकानातच बॅटरीला जोडून दोन्ही बघा, दहा-पंधरा पावलं मागे जाऊन. चांगली एलईडी मात्र खरंच भारी, बल्बची तार पूर्ण तापायला साधारण 0.2 सेकंद घेते, एलईडी ताबडतोब पेटते, ताशी 60 ला मागच्या गाडीला तेवढेच तीनेक मीटर जास्त मिळतात.

इंडिकेटर पण एलईडी केले तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) गोंधळतो. त्याला 10 वॉटच्या दोन बल्बची सवय, एलईडी त्यामानाने काहीच करंट खात नाही, मग एकतर फडफड फास्ट लागतात नाहीतर लागूनच राहतात. करंट वाढवायला रेझिस्टर लावू नका, तापतो फार, एलईडीवाला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच घ्या. आणि ज्या गाडीच्या मीटरवर दोन्ही बाजूंना मिळून एकच इंडिकेटरचा दिवा असतो तिथे डावं दाबलं तरी चारही लुकलुकतात, करंट त्या दिव्यातून पलीकडे जातो म्हणून. 1एन4007 चे दोन डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे) टाकले की विषय संपला, पुण्यातल्या तपकीर गल्लीत चिल्लर पैशांत मिळतात.

नंबरप्लेटचं राहिलंच. जुना लाइट खालून प्लेटवर पांढरा उजेड पण पाडायचा, नवीन पट्टीला ती काच बरेचदा नसतेच, मग प्लेटसाठी वेगळा छोटा पांढरा दिवा घ्या. आणि एचएसआरपी, म्हणजे ती नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवायची बाकी असेल तर कापाकापी आधी उरकून मगच अपॉइंटमेंट घ्या, कारण प्लेट पक्की करणारे ते स्नॅपलॉक एकदा काढले की तुटतात, परत बसत नाहीत.