खांबावरची तिसरी रेघ

कॅमेऱ्याची मोठी लेन्स घेतली तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता. नेरुळात राहायचं आणि रोहित पक्ष्यांचे, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंचे, फोटो काढायचे नाहीत हे मला पटत नव्हतं. त्यामुळे तक्रारीचा अर्ज द्यायची वेळ आली तेव्हा सोबत अकरा रंगीत फोटो जोडले. एका कार्यालयातल्या बाईंनी ते एकेक करून पाहिले. म्हणाल्या, "छान आलेत हो. पण यात तर पक्षी दिसतायत. मग तक्रार काय आहे?"

मला उत्तर सुचेना.

तक्रार अशी. आमच्या सेक्टरमागे खाडीच्या बाजूला एक खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची उथळ पाणथळ जागा, आहे. रस्त्याखालच्या दोन पाइपांतून तिथे भरतीचं पाणी येतं. रोहित ओहोटीला खाडीतल्या चिखलावर चरतात, चोच उलटी बुडवून शेवाळ गाळत. भरतीला चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं, मग ते अशा खाजणांत येऊन टेकतात. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. आमचं खाजण मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर. रस्त्याचं काम झालं, पाइपांच्या तोंडाशी राडारोडा पडला आणि तसाच राहिला. भरतीचं पाणी आत येईनासं झालं.

सकाळी फिरायला येणारे एक काका आहेत, माझ्या जन्माआधीपासून पक्षी बघणारे. त्यांना कार्यालयातला किस्सा सांगितला तर ते आधी पोटभर हसले. "पक्षी आले त्याच दिवशी तू फोटो काढलेस. जे आले नाहीत त्यांचा फोटो कसा काढणार? वही घे."

वहीचे नियम त्यांनीच घालून दिले. जागा एकच, वीस मिनिटं, दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजायचा, कावळा-साळुंकीसुद्धा. रोहित नसतील तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. घरी येऊन तीच यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, टाकायची, 'पूर्ण यादी' या पर्यायावर खूण करून, कारण त्याशिवाय न दिसलेल्या पक्ष्याला काही अर्थ उरत नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या अशाच याद्यांवर उभा आहे, हे ते मला दर भेटीत ऐकवायचे. त्यात ९४२ जातींचा हिशेब आहे. मला एका खाजणाचा जमत नव्हता.

जायचं कधी, हे दिवाळे गावच्या एका कोळी मावशींनी शिकवलं. मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक शोधत होतो. त्यांनी मासळीची पाटी खाली ठेवली. "आज चतुर्थी ना? चार पाऊण तीन. तीनला भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा, पौर्णिमेला साधारण बारा. शाळेत पाठ केलेली पाऊणकी चाळीस वर्षांनी कामाला आली. वेळापत्रकाशी ताडून पाहिलं, फरक किरकोळ निघाला.

मग पौर्णिमा, अष्टमी, अमावास्या, अष्टमी असा क्रम धरला. आठवड्याला एक फेरी आपोआप बसते. पौर्णिमा-अमावास्येची भरती दुपारी बाराला, त्यामुळे ऑफिसात हाफ डे. साहेबांना वाटलं मी उपास धरायला लागलो.

काठाजवळ कुंपणाचा एक जुना सिमेंटचा खांब पाण्यात उभा होता. त्यावर ऑइलपेंटनं वीत-वीत अंतरावर चार रेघा मारल्या. खरं काम त्या रेघांनी केलं. खाजणाला खाडीचं पाणी मिळत असेल तर उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, ते चढायला हवं आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या छोट्या भरतीला, कमी चढायला हवं. आमच्याकडे पौर्णिमा असो की अष्टमी, पाणी होतं तिथेच. दर फेरीला थोडं उतरायचं तेवढंच, तेही उन्हानं.

आणखी एक गोष्ट वहीमुळेच कळली. पाणी उतरायला लागल्यावर आधी पक्षी वाढले! शेकाटे, तुतारी, बगळे यांची उघड्या चिखलावर जत्रा भरली. माझे अकराच्या अकरा फोटो त्याच पंधरवड्यातले. मार्चपर्यंत चिखलाला भेगा पडल्या आणि वहीत खालपर्यंत शून्यं.

दुसरा अर्ज एका पानाचा केला. वर सातबाऱ्यावरून काढलेला सर्व्हे नंबर, खाली तक्ता: तिथी, भरतीची वेळ, कितवी रेघ, रोहित किती, बाकी पक्षी किती. फोटो एकच, खांबाचा. उच्च न्यायालयाच्या आदेशानं पाणथळ जागांच्या तक्रारींसाठी नेमलेली समिती आहे, तिच्याकडे तो दिला आणि पोच घेतली. पोच नसेल तर पुढच्या वेळी आपण कोणीच नसतो, हे पहिल्या अर्जानं शिकवलं होतं.

दोन महिन्यांनी संयुक्त पाहणी लागली. मंडळी आली ती भर ओहोटीला. कोणीतरी म्हणालं, "ओहोटी आहे, पाणी कुठून येणार?" बरोबरच होतं ते. मी हात जोडून अमावास्येची तारीख आणि वेळ लिहून दिली. फारशी आशा नव्हती, पण त्यातले एक अभियंता खरंच आले, एकटे, बारा वाजता, डोक्याला रुमाल बांधून. रस्त्याच्या पलीकडे खाडीचं पाणी पाइपाच्या वर टेकलेलं. अलीकडे पाइपातून अंगठ्याएवढी धार. ते पलीकडे गेले, अलीकडे आले, पुन्हा पलीकडे गेले. मी काही बोललो नाही.

आठवड्यात जेसीबी आला. एक पाइप मोकळा झाला. दुसरा आतून चेपलाय, तो बदलावा लागेल आणि त्याचं अंदाजपत्रक 'प्रक्रियेत' आहे. दर महिन्याला स्मरणपत्र देतो, पोच घेतो. तिथल्या बाई आता आधी विचारतात, "किती रेघा?"

परवा कार्तिकी पौर्णिमेला जाऊन आलो. लेन्स घरीच. पाणी तिसऱ्या रेघेला लागलेलं, गेल्या अष्टमीला दुसरीच्या जरा वर होतं. शेकाटे ४१, छोटे बगळे ९, वंचक ३, खंड्या १, कावळे १४. रोहित अजून यायचेत. शून्य लिहिलं.